भागिले सात

"शेवटचा मालसाठा," मी सांगितले, "बाजारभावाने एकवीस लाख रुपये. मूळ किंमत एक लाख ऐंशी हजार. लिहिलेत?"

चाळीस माना वह्यांत गेल्या. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा गुरुवारचा सरावाचा तास होता. १९९७ सालचा फेब्रुवारी. गडहिंग्लजच्या आमच्या महाविद्यालयात दुपारचे ऊन थेट फळ्यावर येत असे, आणि मिरचीच्या हंगामात बाजार समितीकडून वारा सुटला की पुढच्या दोन बाकांवरची मुले आळीपाळीने शिंकत. गणित नेहमीच्या धाटणीचे होते. मे. अबक ट्रेडिंग कंपनीची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, दिली होती. तिच्यावरून नफातोटा पत्रक आणि ताळेबंद तयार करायचा होता.

"साठा कोणत्या किमतीला घ्यायचा?" मी विचारले.

वर्ग एका सुरात म्हणाला, "मूळ किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जी कमी असेल ती."

हा नियम मुले अकरावीत पाठ करतात आणि मरेपर्यंत विसरत नाहीत, कारण त्याचा अर्थ त्यांना कधी विचारला जात नाही. मी मात्र दरवर्षी त्याच्यावर दहा मिनिटे खर्च करी. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांपासून सुरुवात करून मी सांगत असे की हिशेबनिसाने भावी तोट्याची तरतूद ठेवावी आणि भावी नफ्याचा आनंद मानू नये. हा नियम अंकगणिताचा नसून चारित्र्याचा आहे. हे शेवटचे वाक्य मला विशेष आवडे.

वीस मिनिटांनी मागच्या बाकावरून रियाज नदाफने हात वर केला.

"सर, तोटा येतोय. अठरा लाख."

"मग?"

"गणितात तोटा कसा येईल, सर? कायतरी चुकलंय."

वर्ग हसला, मीही हसलो. त्याचे म्हणणे अनुभवसिद्ध होते. बाजारातल्या सगळ्या गाइडांत, सगळ्या प्रश्नपत्रिकांत प्रत्येक धंद्याला नफाच होतो, आणि तोटा आला की विद्यार्थी उत्तरावर नव्हे, स्वतःवर संशय घेतो. तास संपेपर्यंत निम्म्या वर्गाने नियम बाजूला सारून साठा एकवीस लाखांना धरला होता. तसे केले की एक लाख वीस हजारांचा नफा येई आणि ताळेबंद जुळे. ताळेबंद अर्थात दुसऱ्या रीतीनेही जुळत होता. तो खऱ्यावर जुळतो तितक्याच निष्ठेने खोट्यावरही जुळतो. पण ही गोष्ट अभ्यासक्रमात नाही.

वह्या गोळा केल्या. माझ्या तासाला एक शिस्त होती. चुकलेले उत्तर खोडायचे नाही, रबराने पुसायचे नाही. हिशेबाच्या वहीत चूक मिटवत नसतात. तिच्यावर पट्टीने एक तिरकी रेघ मारतात, खाली 'दुरुस्ती' असा मथळा देतात आणि उत्तर पुन्हा लिहितात. चूकही वाचता आली पाहिजे आणि दुरुस्तीही.

शुक्रवारी दुपारी मी तपासायला बसलो. विसाव्या-बाविसाव्या वहीचे पान उलटले आणि मला शिंक आली. ती महादेवी मगदूमची वही होती. तिची आई बाजार समितीच्या आवारात किलोमागे ठरलेल्या मजुरीवर मिरच्यांचे देठ काढायची आणि कॉलेज सुटले की मुलगीही तिच्या शेजारी जाऊन बसायची. वडील ट्रकचालक होते. चार वर्षांपूर्वी आंबोली घाटात ट्रक उलटून गेले. महादेवी वर्गात सहसा बोलत नसे. तिच्या ताळेबंदातल्या रेघा छापल्यासारख्या असत.

तिने साठा एक लाख ऐंशी हजारांना धरला होता. तोटा अठरा लाख. भांडवल दोन लाख. भांडवल गिळून वर सोळा लाखांची तूट. एकूण मालमत्ता सहा लाख, देणे असलेल्या ठेवी बावीस लाख. अचूक होते. त्याखाली, जिथे मी काहीही मागितले नव्हते तिथे, तिने लिहिले होते: "निष्कर्ष: कंपनी आज बंद झाल्यास ठेवीदारांना रुपयामागे सत्तावीस पैसे मिळतील. मुदत संपताच ठेव काढून घ्यावी."

आणि समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात: "८,३१४ × ७ = ५८,१९८."

मी ते पान बराच वेळ उघडे ठेवले.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची एक जुनी चाल आहे. खऱ्या कंपनीचा अहवाल घ्यायचा, नाव बदलायचे, आणि सगळे आकडे एकाच संख्येने भागायचे. गुणोत्तरे बदलत नाहीत. आजार तोच राहतो, रोगी तेवढा ओळखू येत नाही. मी मलयगिरी वनसंवर्धन लिमिटेड या आमच्याच गावच्या कंपनीचा दिवाळीत निघालेला अहवाल घेतला होता आणि त्याला सातांनी भागले होते. 'उभी सागवान झाडे' या जागी 'मालसाठा' लिहिले होते. ही कंपनी लोकांच्या ठेवी घेई, त्या पैशांतून आजऱ्याच्या पुढे सागवान लावी आणि तीन वर्षांच्या ठेवीवर बँकेच्या दीडपट व्याज देई. त्या वर्षी तिने प्रथमच झाडांची किंमत अठरा वर्षांनंतरच्या भावाने धरली होती. अहवाल प्रत्येक ठेवीदाराच्या घरी टपालाने गेला होता. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी वार्षिक अहवाल उघडून वाचेल, ही शक्यता मी विचारातच घेतली नव्हती. वाणिज्य शाखेत बावीस वर्षे शिकवणारा माणूसच एवढ्या खात्रीने अशी चूक करू शकतो.

लाल पेनासाठी मी टेबलाचा खण उघडला, पेन घेतले आणि खण लगेच बंद केला. निष्कर्षाखाली रेघ मारून लिहिले, "प्रश्नात विचारलेले नाही." अर्धा गुण कापला. दहापैकी साडेनऊ.

शनिवारी साडेदहाला ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. सोबत आई होती. इतर प्राध्यापक तासांवर गेले होते. मी बसायला सांगितले. महादेवी बसली नाही. आई, गंगव्वा, खुर्चीच्या कडेवर टेकली. तिचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते. देठ काढणाऱ्या बायका परक्या ठिकाणी हात असेच ठेवतात, कशाला लागू नयेत म्हणून. मांडीवर रेक्झिनचे तपकिरी फोल्डर होते. त्यावर सोनेरी अक्षरांत मलयगिरी.

गंगव्वाने सगळे एका दमात सांगितले. नवऱ्याच्या अपघाताचे एक लाख चाळीस हजार कोर्टातून मिळाले, ते तिने तीन वर्षांपूर्वी सगळेच्या सगळे मलयगिरीत ठेवले. मुदत आज संपत होती. आज अर्ज दिला तर पैसे परत. नाहीतर पुढच्या तीन वर्षांसाठी आपोआप पुन्हा ठेव. कंपनीचे मालक विनायकराव सावर्डेकर यांचा माणूस दोनदा घरी येऊन गेला होता. आजच नव्या ठेवीवर सही केली तर एक टक्का व्याज जास्त, आणि वर पाच लिटरचा कुकर.

"आणि ही कालपासनं जेवली न्हाई," ती म्हणाली. "म्हणती, अप्पाचं पैसं काढून घेऊया. मी म्हटलं, सरांचं नाव बघून ठेवलं हुतं, सरांस्नीच विचारू."

"माझे नाव?"

तिने एक हात पदरातून काढला, फोल्डर उघडले आणि तीन वर्षांपूर्वीच्या माहितीपत्रकावर नेमके बोट ठेवले. तिला वाचता येत नव्हते; पण नाव कुठे आहे हे तिला ठाऊक होते. मानद सल्लागार: प्रा. वा. रा. हुपरीकर, एम.कॉम., एलएल.बी. कागदावर त्या जागी लालसर डाग पडला होता. ते बोट तिथे पूर्वीही अनेकदा टेकलेले असावे.

"हिनंच वाचून दाखवलं हुतं तवा," ती म्हणाली.

महादेवी माझ्याकडे पाहत होती. "सर, गुरुवारचं गणित मलयगिरीचं आहे."

"ते काल्पनिक आहे. सरावाची गणिते काल्पनिकच असतात."

"काल्पनिक गणितात पगार आठ हजार असतो, सर. आठ हजार तीनशे चौदा नसतो." तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता, किंचित दबलेला. तिने सांगितले की तिच्याकडे पाठ्यपुस्तक नाही, म्हणून ती घरी कंपनीच्या अहवालावरच सराव करते. त्यातला पगार तिला पाठ होता. दोनाने, पाचाने गुणून पाहिले. सातांनी जुळला. मग छपाई जुळली, टपाल जुळले, वीजबिल जुळले. "फक्त मोठे आकडे आधीच गोल होते. लहान खर्च खरे असतात आणि मोठे आकडे कुणीतरी ठरवलेले असतात, असं वाटलं." मग ती म्हणाली, "ठेवी बावीस लाख लिहून दिल्या होत्या तुम्ही. त्यात आमचे वीस हजार आहेत, सर."

मी चष्मा काढून पुसला. नंतर जे सांगितले ते व्यवस्थित, परिच्छेद पाडून सांगितले. झाड म्हणजे दुकानातला माल नव्हे. माल पडून राहतो, झाड वाढते. आणि वाढ हेच झाडाचे उत्पन्न. म्हणून मालसाठ्याचा नियम त्याला लागू करणे तत्त्वतः चूक आहे. या विषयावर मी कंपनीसाठी दीड पानाचे टिपण लिहिले आहे, अहवालाच्या शेवटी छापले आहे.

"वाचलेस का ते?"

"दोनदा, सर. त्यातला बीजांकुरन्याय कळला नाही, म्हणून मराठीच्या मॅडमना विचारला."

"मग?"

"मॅडम म्हणाल्या, बी आधी की अंकुर आधी, याचा निकाल लागत नाही, असा त्याचा अर्थ." ती म्हणाली. "पण पैसे तर आमचे आधी गेलेत ना, सर."

गंगव्वा तिच्याकडे वळून म्हणाली, "सरांस्नी उलट बोलू नगो."

"झाडं गुडघ्याएवढी आहेत, सर," महादेवी म्हणाली. मागच्या मे महिन्यात कंपनीने ठेवीदारांची सहल नेली होती, त्यात या दोघीही गेल्या होत्या. प्रत्येक रोपाला पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर ठेवीदाराचे नाव. यांच्या पाटीवर, गंगव्वाच्या सांगण्यावरून, मयत नवऱ्याचे नाव घातले होते. "अप्पांचं रोप वाळलं होतं. आम्ही दाखवलं तर माळ्यानं पाटी काढली आणि शेजारच्या रोपाला बांधली. त्या रोपाला आधीच एक पाटी होती."

"जिलबी मातर झकास हुती," गंगव्वा म्हणाली. तिला हसू आले, आणि मग आपण कुठे बसलो आहोत हे आठवून ती गप्प झाली.

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. गंगव्वाने फोल्डर मिटले. कंपनीची कचेरी शनिवारी बाराला बंद होत होती.

"सर, मला ह्यातलं काय कळत न्हाई," ती म्हणाली. "बी न्हाई आणि अंकुर न्हाई. हिचं गणित बरोबर हाय का चूक, तेवढं एक सांगा. तुमी म्हणशीला तसं करतो."

प्रश्न इतका नेमका मला त्यापूर्वी कोणी विचारला नव्हता. विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेतही नाही. एका शब्दात उत्तर द्यायचे होते, आणि ते उत्तर माझ्या समोरच्या वहीत माझ्याच लाल शाईने आदल्या दिवशी दिलेले होते. साडेनऊ.

मला कोणी धमकावले नव्हते. सावर्डेकर आमच्या संस्थेत कोणी नव्हते. माझी नोकरी त्यांच्या हातात नव्हती. टिपणाचे पाच हजार मला केव्हाच मिळाले होते. हे सगळे मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढची काही वर्षे मी स्वतःला वेगळे सांगत होतो.

"तुमची मुलगी हुशार आहे," मी म्हणालो. "पण या गणितात तिची चूक झाली आहे."

गंगव्वाने मोठा श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर जे आले त्याला समाधानच म्हणावे लागेल.

"कुठं, सर?" महादेवीने विचारले.

"शेवटच्या साठ्यात."

"पण तुम्ही वर्गात नियम…"

"नियम लागू कुठे करायचा हे कळणे म्हणजेच शिक्षण." वाक्य चांगले होते, मी ते नंतर एका समारंभातही वापरले. "दुरुस्ती करून सोमवारी वही दे."

वादात हरलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या डोळ्यांत राग असतो, नाहीतर पाणी. तिच्या डोळ्यांत दोन्ही नव्हते. मी पुढे केलेल्या वहीच्या त्या पानाकडे ती पाहत होती. बरोबर आलेले उत्तर चूक कसे, ते शोधण्याचा ती प्रामाणिक प्रयत्न करत होती. माझ्यावर अविश्वास ठेवणे हा मार्ग तिला सुचलाच नाही. तो सुचू नये अशीच व्यवस्था आम्ही बालवाडीपासून केलेली असते.

"बघ, मी म्हणत हुतो न्हाई?" गंगव्वा उठली. तिने मला हात जोडले. जोडताना पदर निसटला आणि तिची बोटे दिसली, नखांच्या मुळाशी लाल, फुटलेली. "लई उपकार, सर. चल गं, बाराला बंद हुतंय."

दोघी गेल्या. मी त्या खुर्चीवरून तासभर उठलो नाही. शिंका येत राहिल्या.

त्या खणात काय होते ते आता सांगायला हरकत नाही. माझे बँकेचे पासबुक होते. मलयगिरीत माझे नव्वद हजार होते. त्याच आठवड्याच्या सोमवारी मी सावर्डेकरांकडे जाऊन मुदतीपूर्वी पैसे मागितले. त्यांनी कारण विचारले नाही. माझ्याइतकाच ताळेबंद त्यांनाही वाचता येत होता. फक्त म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, गावात बोलू नका म्हणजे झालं. तुम्ही काढले असं कळलं तर उद्याच रांग लागेल." धनादेश त्यांनी तिथल्या तिथे लिहिला आणि शुक्रवारी सकाळी तो वटला. मधल्या गुरुवारी मी तेच आकडे सातांनी भागून चाळीस मुलांपुढे का ठेवले, याचे उत्तर मी खूप शोधले. कोणीतरी ओळखावे अशी इच्छा होती, असे म्हणणे मला आवडले असते. तसे काही नसावे. सरावासाठी एक गणित हवे होते आणि अहवाल टेबलावर पडला होता. विद्वानाचे धैर्य फार तर एवढेच असते: भागिले सात.

जुलैत कचेरीला कुलूप लागले. सहा वर्षांनी, कंपनी मोडीत काढायला कोर्टाने नेमलेल्या अवसायकाने ठेवीदारांना रुपयामागे एकोणीस पैसे दिले. महादेवीचा हिशेब थोडा उदार निघाला. ती तिसऱ्या वर्षाला आली नाही. बाजार समितीच्या आवारात मायलेकी शेजारी शेजारी बसलेल्या मी एकदा लांबून पाहिल्या आणि त्यानंतर त्या रस्त्याने जाणे सोडले.

तिची वही माझ्याकडे आहे. कुलूप लागण्याच्या आधीचा, त्या शनिवारनंतरचा तो सोमवार मला तिच्यामुळेच आठवतो. वह्यांच्या गठ्ठ्यात ती सर्वांत वर होती, वेळेवर, कव्हर घातलेली. आधीच्या उत्तरावर पट्टीने मारलेली एक तिरकी रेघ. रेघेखाली सगळे आकडे स्वच्छ वाचता येतात. नव्या पानावर मधोमध 'दुरुस्ती'. शेवटचा मालसाठा एकवीस लाख. नफा एक लाख वीस हजार. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पंचवीस लाख वीस हजार, खाली दुहेरी रेघ. निष्कर्ष लिहिलेला नव्हता. समासात पेन्सिलीने काही नव्हते.

फक्त दुहेरी रेघेच्या खाली, पक्का हिशेबनीस लिहितो तशी, एका ओळीची टीप होती: "मालसाठ्याचे मूल्य प्रा. हुपरीकर सरांनी सांगितल्याप्रमाणे धरले आहे."

मी ती टीप दोनदा वाचली. मग लाल पेन काढले आणि दहापैकी दहा दिले.